जाहीर आवाहन : गाडीचा विमा भरण्याआधी चार ठिकाणी चौकशी करा

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील सर्व मोटारधारक बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे गाडी घ्यायची ती बहुधा दसरा, दिवाळी नाहीतर गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर. त्यामुळे विम्याची मुदतही ऐन सणाच्या खर्चात संपते. शेवटच्या दिवशी फोन येतो, "साहेब, आज भरले नाही तर पॉलिसी बंद पडेल," आणि हप्ता गेल्या वर्षीपेक्षा दोन-तीन हजारांनी वाढलेला असला तरी आपण मुकाट्याने भरून मोकळे होतो. काही जण रक्कम बघून हात आखडता घेतात आणि विमा नसलेली गाडी तशीच रस्त्यावर आणतात. दोन्हीकडे नुकसान आपलेच. म्हणून कळकळीची विनंती आहे : मुदत संपण्याच्या महिनाभर आधी जुनी पॉलिसी घेऊन बसा आणि तीन-चार कंपन्यांचे दर मागवल्याशिवाय पैसे भरू नका.

पॉलिसीच्या कागदावर हप्त्याचे दोन भाग वेगवेगळे छापलेले असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा. त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीसाठी तो १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये ठरला. सरकारने तो बदलला, तरी सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू होतो. तिथे घासाघीस नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यावरचे ठरावीक दर २००७ मध्ये उठले आणि प्रत्येक कंपनी आपापला दर लावू लागली. फरक पडतो तो इथे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, मग नुकसानीचा हप्ता का चढला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कधी पहिल्या वर्षाची सूट काढून घेतलेली असते, कधी न मागितलेले जादा संरक्षण जोडलेले असते. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची आणणारा शेतकरी पहिल्याच बोलीला माल सोडत नाही. विमा घेतानाही तीच सवय लावून घेऊ या.

दर विचारताना सगळ्यांना एकाच मापाने विचारा. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर हिशेबात धरायची किंमत, सर्वांकडून सारखी मागा. पाच लाखांच्या गाडीची आयडीव्ही सव्वाचार लाख दाखवून हप्ता हजार रुपयांनी कमी केला, तर ती स्वस्ताई नव्हे. झिरो डेप, म्हणजे क्लेममधून सुट्या भागांचा घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, आहे की नाही, हेही तपासा. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीच्या पुराने नवापूरची काय दैना केली, ती आपण विसरलेलो नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेलो आणि इंजिन बसले, तर साध्या पॉलिसीत तो खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट लागते. नदी-नाल्याकाठी राहणाऱ्यांनी चार पैशांसाठी ते वगळू नये. तोरणमाळ किंवा चांदसैली घाटातून जाणाऱ्यांनी विचारावे, "गाडी घाटात बंद पडली तर टोइंग किती किलोमीटरपर्यंत मिळेल? कॅशलेस गॅरेज आपल्या जिल्ह्यात आहे का?"

कंपनी बदलली की नो क्लेम बोनस जातो, हा समज खोटा आहे. हा बोनस मालकाचा असतो, त्यामुळे तो नव्या कंपनीतही मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले की ती बुडते. क्लेम घेतलेला असेल तर लपवू नका. खोटी माहिती पुढच्या क्लेमच्या वेळी अंगलट येते.

किरकोळ क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. समजा, झिरो डेप नाही आणि चार हजारांचा प्लास्टिकचा बंपर फुटला. प्लास्टिकला ५० टक्के घसारा, म्हणजे उरले दोन हजार. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात हजार रुपये. हाती आले हजार. त्यापायी आठ हजारांच्या हप्त्यावरची बोनसची ५० टक्के सूट, म्हणजे चार हजार, गमावायची का?

सुरतहून किंवा इतर कुठून जुनी गाडी घेतली असेल, तर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. घरात एकाच मालकाच्या नावावर मोटार आणि दुचाकी असेल, तर १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा दोनदा घेण्याची गरज नाही.

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि एक-दोन खासगी कंपन्यांकडे विचारा. मिळालेला कमी दर जुन्या कंपनीला दाखवा. तीही खाली येऊ शकते. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा, कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवर नको. पॉलिसी हाती आल्यावर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तिची नोंद दिसते का, ते पाहा.

हप्ता परवडत नसेल तर निदान थर्ड पार्टी तरी भराच. विम्याविना पहिल्यांदा सापडल्यास दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून मोठे संकट म्हणजे आपल्या गाडीखाली कुणाचा जीव गेला, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. त्यात एखाद्याचे शेत जाते, आणि पीडित कुटुंबाच्या हातीही वेळेवर काही पडत नाही.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथे शुल्क नाही.

शिक्षक, गॅरेजवाले, विमा प्रतिनिधी आणि शिकलेल्या तरुणांना हात जोडून विनंती : पाड्यावरच्या ज्या शेजाऱ्याला हा कागद वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा आणि त्याच्यासोबत बसून दर मागवा. आणि प्रत्येकाने आजच आपल्या पॉलिसीची शेवटची तारीख पाहून, तिच्या महिनाभर आधीची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवावी.

आपला,
ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता, नंदुरबार