पेनड्राइव्ह खिशात घेऊनच दुकानात जा

गेल्या महिन्यात भाचीबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात लिनक्सची सवय लागली, आता घरीही तोच हवा. हाताशी तीस हजार रुपये. ऑनलाइन एक नवाकोरा लॅपटॉप तिने हेरून ठेवला होता. "मामा, हा डॉसवाला आहे. विंडोजवाल्यापेक्षा चार हजारांनी स्वस्त. लिनक्स आपणच टाकणार, मग उगाच पैसे कशाला घालवायचे?"

तिचा हिशेब अर्धाच होता. 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' असं लिहिलेला लॅपटॉप म्हणजे विंडोजच्या परवान्याचे पैसे वगळून विकलेलं यंत्र. त्याचं वायफाय, टचपॅड, आवाज लिनक्सवर चालेल असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नसतं. तोच लॅपटॉप कारखान्यातून उबुंटू घालून येत असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग ड्रायव्हरची काळजी कुणीतरी आधी वाहिलेली असते. उबुंटूमागची कॅनॉनिकल ही कंपनी तपासून पास केलेल्या मॉडेलांची यादी जाहीर करते. नवं यंत्र घेणाऱ्याने ती आधी उघडावी.

डॉसवाल्या लॅपटॉपचं आपल्याकडे पुढे काय होतं, याचं मला फार वाईट वाटतं. लोक तो घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि शे-पाचशे रुपयांत 'विंडोज मारून' आणतात. ते विंडोज चोरीचं. कुलूप तोडायला जो प्रोग्रॅम वापरतात त्याच्यासोबत आणखी काय आत शिरलं, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. पोराचा पहिला संगणक असा सुरू होतो, आणि कायदेशीर, फुकट, रोज दुरुस्त होणारी वस्तू शेजारी पडून असते. केरळच्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवर संगणक शिकतात. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेने उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती काढली आहे. आपल्या मुलांना ते जमणार नाही असं कोण म्हणेल?

नव्या डॉसवाल्यावर लिनक्स नीट चालेलच याची खात्री नाही, म्हणून आम्ही वापरलेले लॅपटॉप पाहायला गेलो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही कंपन्यांच्या कचेऱ्यांतली यंत्रं. तीन-चार वर्षांनी बदलली की बाजारात येतात. त्यांची बांधणी दणकट असते. शिवाय लिनक्स लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण हीच वापरतात, त्यामुळे त्यांतल्या खोडी लवकर सापडतात आणि लवकर निघतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं त्या नियमाने एका दिवसात म्हातारी ठरली. लिनक्सला ती अजून तरणीच आहेत. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे.

खिशात पेनड्राइव्ह होता, त्यावर लिनक्स मिंट. यंत्रावर काहीही न टाकता ते थेट पेनड्राइव्हवरून चालतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, लिनक्स कशाला? विंडोज टाकून देतो, फुकट." मी म्हटलं, पैसे देण्याआधी दहा मिनिटं द्या.

पहिल्या लॅपटॉपवर एफ-१२ दाबलं तर बायोसने पासवर्ड मागितला. जुन्या कंपनीने लावलेला, आणि तो आता कुणाकडेच नाही. थिंकपॅडमध्ये हे कुलूप बॅटरी काढून ठेवून उघडत नाही. असं यंत्र कितीही स्वस्त मिळो, परत ठेवावं. दुसरा चालू झाला, पण टर्मिनलमधून यूपॉवर ही आज्ञा देऊन बॅटरी पाहिली तर मूळ क्षमतेच्या निम्मीही उरली नव्हती, आणि ती आत बसवलेली. तिसरा थिंकपॅड टी-४८०. फोनचं हॉटस्पॉट लगेच पकडलं. आवाज, माइक, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा, सगळं पाहिलं. मग झाकण लावून दोन मिनिटं थांबलो आणि उघडलं. झोपलेलं यंत्र नीट जागं होतं की नाही, ही परीक्षा कधी चुकवू नये. घरी नेल्यावर सर्वांत जास्त छळ याचाच होतो. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर मात्र चालला नाही. त्यावर पाणी सोडलं. या मॉडेलची बाहेरची बॅटरी हाताने निघते, तीच थोडी थकली होती. तेवढे पैसे दुकानदाराने कमी केले. त्यातच त्याने विचारलं, "याची कॉपी मिळेल का?" मिंटची कॉपी देणं गुन्हा नाही. तिथेच करून दिली.

घरी मिंट बसवायला अर्धा तास लागला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की, ज्यांना जुनं विंडोजही ठेवायचं आहे त्यांनी आधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवावी. आणि लिनक्सला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमधली इंटेलची व्हीएमडी किंवा आरएसटी ही सेटिंग तपासावी.

वेळ गेला तो मराठीत. कीबोर्डच्या यादीत मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट मिळतं. भाचीने आजवर मराठी रोमन अक्षरांतच लिहिलेलं. तिला मी 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहायला लावलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ: 'ऱ्य' उमटला. समुद्र आणि डोंगरातल्या खोल दऱ्या वेगळ्या झाल्या. लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली तर, फाँटमध्ये सोय असल्यास, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित फाँटांपासून हे काम चालत आलंय. ते करणाऱ्यांचे उपकार मला मोठे वाटतात.

सगळ्यांनीच लिनक्सवर यावं असं मी म्हणणार नाही. टॅलीवर हिशेब ठेवणारे, श्रीलिपीत मासिकं जुळवणारे, ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन रोज लावणारे यांनी विंडोज सोडू नये, आणि त्याचे पैसे भरावेत. गेमसाठी किंवा एआयसाठी एनव्हिडियाचं कार्ड हवं असेल तर त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. इंटेल आणि एएमडीचे लिनक्सच्या गाभ्यातच असतात. प्रिंटरही ड्रायव्हर पाहूनच निवडावा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीलिप नावाचा चांगला ड्रायव्हर आहे. कचेऱ्यांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी-२९०० मात्र कॅननच्याच 'कॅप्ट' या खास भाषेत बोलतो आणि लिनक्सवर घाम काढतो.

परवा बाहेरची बॅटरी आणायला पुन्हा त्याच दुकानात गेलो. काउंटरवर पाच जुने लॅपटॉप उघडे होते आणि दुकानदार पेनड्राइव्ह आळीपाळीने एकेकाला लावत होता. तिघांचं सगळं चाललं होतं. दोघांना वायफाय दिसत नव्हतं, ते त्याने बाजूला ठेवले होते. त्यांत इंटेलचं कार्ड घालून मगच विकणार, म्हणाला.