कोणाची सुटी, कोणाचा किनारा?

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि तेथील निळ्या पाण्याची व पांढऱ्या वाळूची छायाचित्रे देशभर झळकली. त्याच आठवड्यात मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी भारताविषयी अनुद्गार काढले, त्यांना निलंबित व्हावे लागले, आणि बघता बघता ‘मालदीववर बहिष्कार, लक्षद्वीपला चला’ ही घोषणा देशभक्तीची कसोटी होऊन बसली. २०२३ साली दोन लाखांहून अधिक भारतीय पर्यटक मालदीवला गेले होते. यापुढे त्यांनी मुलाबाळांना घेऊन स्वदेशी बेटावरच जावे, असा उपदेश नटांपासून क्रिकेटपटूंपर्यंत सर्वांनी केला. सुटी कोठे घालवावी हा एरवी घरगुती प्रश्न. तो एकाएकी राष्ट्रीय प्रश्न झाला. राष्ट्रीय झालाच आहे, तर त्याचा विचार राष्ट्रातील सर्व माणसांना धरून व्हावयास हवा. या ‘सर्व माणसां’मध्ये लक्षद्वीपची माणसेही येतात, याचा त्या गदारोळात बहुतेकांना विसर पडला.

बेटावरील सुटीच्या जाहिरातीचा नायक बहुधा एक लहान मूल असते. हातात प्लॅस्टिकची बादली, डोक्यावर टोपी, पुढे वाळूचा किल्ला आणि मागे हसणारे आईबाप. चित्र गोड आहे, यात संशय नाही. पण त्यात बेटावरचे मूल कोठेही नसते. किनारा जणू काल समुद्रातून वर आला आणि आज पाहुण्यांसाठी सज्ज झाला! ही रिकामी वाळू म्हणजे भांडवलशाहीची जुनीच युक्ती आहे. जे घ्यावयाचे आहे ते आधी ‘मोकळे’ आहे असे दाखवायचे, मग त्याचा ‘विकास’ करायचा.

ही भूमी मोकळी आहे काय? लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. वस्ती असलेली बेटे १०. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ भरली. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. नारळ, काथ्या आणि मासेमारी यांवर जगणारे हे लोक बहुतांश अनुसूचित जमातींत मोडतात आणि जवळजवळ सर्वच मुस्लिम आहेत. गळ-काठीने एकेक कुपा, म्हणजे ट्यूना मासा पकडायचा, तो उकडून, धुरावून, वाळवून त्याचे ‘मास’ करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. या मासेमारीला जिवंत आमिष लागते, आणि ते बारीक मासे मिळतात प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ, शांत पाण्यात. हेच पाणी पर्यटन-व्यवसायाला तरंगत्या बंगल्यांसाठी हवे आहे. जाहिरातदाराला जो निळा देखावा वाटतो, ते मच्छीमाराचे शेत आहे.

आता गोड्या पाण्याचा हिशेब पाहावा. प्रवाळबेटावर नदी नसते, धरण नसते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थराच्या रूपाने तरंगत राहते. हा थर हेच बेटाचे खरे धन. त्यातून उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. शौचालयांचे पाणी त्यात झिरपले की रोगराई येते. २००५ साली कवरत्ती येथे समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्याची क्षमता रोजची एक लाख लिटर होती. कवरत्तीची २०११ ची लोकसंख्या ११ हजारांवर. म्हणजे माणशी सुमारे ९ लिटर. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा. जानेवारी २०२३ मध्ये देशातील एका अग्रगण्य उद्योगसमूहाच्या हॉटेल कंपनीने सुहेली व कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची दोन आलिशान विश्रामस्थाने उभारण्याची घोषणा केली. त्यांतील काही खोल्या थेट पाण्यावर. खोलीमागे आईबाप आणि दोन मुले धरली, तर एका बेटावर एका वेळी ४४० पाहुणे होतात. त्यांच्या सेवेसाठीचे नोकर वेगळेच. बित्रा या बेटाची संपूर्ण लोकसंख्या २०११ साली २७१ होती! अंघोळ, धुलाई, पोहण्याचे तलाव यांचे पाणी कोठून येणार आणि मैला कोठे जाणार, हे प्रश्न गुळगुळीत माहितीपत्रकात नसतात. प्रवाळाची स्थितीही नाजूक आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापून तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, आणि २०२४ मध्ये पुन्हा तीच आपत्ती आली. प्रवाळ हाच या बेटांचा तट आहे. तट ढासळला की वाळूचा किल्ला बांधायला वाळूही उरणार नाही.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो. समाजवाद्यांना मध्यमवर्गीयांचा आनंद खुपतो. चार दिवस मुलांना समुद्रावर नेले तर यांच्या पोटात दुखते! हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. पगारी सुटी ही भांडवलदारांनी उदार होऊन दिलेली देणगी नव्हे. ती कामगार चळवळीची कमाई आहे. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखाने अडवून धरले, तेव्हा लिऑं ब्लूम यांच्या लोकआघाडीच्या सरकारने वर्षाला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला, आणि हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि पगारी सुटीचा हक्क नोंदवला. त्याच वर्षी भारताच्या फॅक्टरी अधिनियमाने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. तेव्हा मुलाबाळांसह समुद्रकिनारी घालवलेली सुटी हे पाप नाही. तो प्रत्येक श्रमिकाचा हक्क आहे. समाजवाद्यांची तक्रार नेमकी उलट आहे. हा हक्क फारच थोड्यांना मिळाला आहे. बांधकामावरची मजूर स्त्री, ऊसतोड कामगार, घरोघर पार्सले पोहोचवणारा तरुण यांना पगारी रजा म्हणजे काय, हेच ठाऊक नाही. त्यांच्या मुलांची सुटी खडीच्या ढिगावर किंवा उसाच्या फडात जाते. हक्काचे रूपांतर चैनीच्या मालात झाले की तो ज्याची ऐपत त्याचा होतो, आणि ऐपत नसलेल्याच्या वाट्याला त्या चैनीची सेवा करण्याचे काम येते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पर्यटन आले की बेटवासीयांच्या हाताला काम मिळेल, असे सांगतात. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही येथे विचारील की, पाहुण्याने दिलेल्या रुपयातून बेटावर किती पैसे राहतात? विमानाचे भाडे मुख्य भूमीवरील कंपनीला, खोलीचे भाडे मुंबईतील मुख्यालयाला, भाजीपाला, दूध, धान्य कोचीहून, व्यवस्थापक महानगरांतून. बेटाच्या वाट्याला उरते खोल्या झाडण्याचे, नावा वल्हवण्याचे आणि कचरा उचलण्याचे काम. मालदीवने १९७२ पासून हाच मार्ग धरला. निर्जन बेटे एकेका विश्रामस्थानाला भाड्याने द्यायची आणि स्थानिक वस्ती पाहुण्यांपासून दूर ठेवायची, हे त्याचे सूत्र होते. वस्तीच्या बेटांवर सामान्य कुटुंबांना छोटी अतिथिगृहे काढण्याची मुभा मिळाली ती २००९ नंतर. ज्या मालदीववर बहिष्कार घालण्याची हाक दिली जाते, त्याच मालदीवचे हे टाकून देण्याजोगे सूत्र लक्षद्वीपमध्ये आणावयाचे, याला स्वदेशी कसे म्हणावे? मालक देशी असला म्हणून शोषण स्वदेशी होत नाही. होत असलेच तर ते शोषणच राहते.

महाराष्ट्राला आणि गोव्याला हा अनुभव नवा नाही. १९८७ साली गोव्यात ‘जागृत गोंयकारांची फौज’ आलिशान पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा तिला विकासविरोधी ठरवण्यात आले. आज गोव्यातील सामान्य माणसाला आपल्याच गावच्या विहिरीचे पाणी आणि आपल्याच गावातली जमीन परवडेनाशी झाली, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ कळतो आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तरी कोकणचा तरुण आजही मुंबईचीच गाडी पकडतो. किनारा विकून गाव सुखी होत असते, तर हे चित्र दिसले नसते.

परंतु लक्षद्वीपच्या प्रश्नाचे मर्म पाण्यात वा प्रवाळात नाही. ते लोकशाहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातचे माजी गृहराज्यमंत्री प्रफुल्ल पटेल यांच्याकडे तेथील प्रशासकपदाची सूत्रे आली. बेटांना स्वतःची विधानसभा नाही. दिल्लीने नेमलेला प्रशासक हाच तेथील सर्वाधिकारी. २०२१ मध्ये एकामागून एक फतवे निघाले. विकास प्राधिकरणाच्या विनियमाचा मसुदा आला, ज्यात कोणतीही जमीन ‘नियोजना’साठी घेण्याची आणि रहिवाशांना हलवण्याची तरतूद होती. दोनांहून अधिक अपत्ये असलेल्यांना पंचायत निवडणुकीस अपात्र ठरवण्याचा मसुदा आला. जवळजवळ गुन्हेच नसलेल्या बेटांसाठी विनाचौकशी स्थानबद्धतेचा मसुदा आला. मच्छीमारांच्या किनाऱ्यावरील झोपड्या पाडण्यात आल्या. शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन ही खाती जिल्हा पंचायतीकडून काढून घेण्यात आली. आणि जेथे पिढ्यानुपिढ्या दारूबंदी होती, तेथे पर्यटकांसाठी दारूची दारे उघडण्याचा विचार सुरू झाला.

याच वर्षी प्रशासनाने बेटावरील शाळांच्या माध्यान्ह भोजनातून कोंबडी व इतर मांस वगळले. मासे आणि अंडी तेवढी ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हा धोरणाचा विषय मानून हस्तक्षेपास नकार दिला. न्यायालयाच्या मर्यादा न्यायालयापाशी. चळवळीने मात्र या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. पाहुण्यांच्या मुलाने काय खावे, हे त्याचे आईबाप ठरवणार; त्याच्यासाठी जगभरची पक्वाने बोटीने येणार. बेटावरच्या मुलाने शाळेत काय खावे, हे मात्र त्याचे आईबाप ठरवू शकत नाहीत. पाहुण्याचे मूल आजारी पडले तर विश्रामस्थान धावपळ करील; बेटावरच्या मुलाचा आजार गंभीर झाला तर हेलिकॉप्टर येण्याची वाट पाहावी लागते, कारण मोठा उपचार कोचीतच होतो. एकाच वाळूवर दोन बालपणे, आणि त्यांच्यामधील कुंपण सरकार बांधते आहे.

बेटवासी मुकाट राहिले नाहीत. ७ जून २०२१ रोजी अवघ्या लक्षद्वीपने घराघरांतून बारा तासांचा उपवास केला. त्याआधी ३१ मे रोजी केरळ विधानसभेने एकमताने प्रशासकाला परत बोलावण्याची मागणी केली. दूरचित्रवाणीवरील चर्चेत प्रशासनावर टीका करणाऱ्या चित्रपटकर्त्या आयेशा सुलताना यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. बेटाच्या निसर्गावर स्तुतिसुमने उधळणारा देशभक्त, आणि बेटाच्या माणसांविषयी बोलणारी राजद्रोही! पुढे जुलै २०२५ मध्ये बित्रा हे संपूर्ण बेट संरक्षणाच्या गरजेसाठी घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांच्या पाहणीची अधिसूचना निघाली. संरक्षणाची गरज कोणी नाकारत नाही. पण एका बेटावर पाहुण्यांसाठी जागा आहे आणि दुसऱ्या बेटावर तेथील रहिवाशांसाठीच ती नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

नुसता विरोध हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे. पर्याय दिलाच पाहिजे, आणि तो घरचाच आहे. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते एवढ्यासाठीच, की एका प्रांतातील मुलाने दुसऱ्या प्रांतातील घरात जाऊन राहावे, तेथली भाषा ऐकावी, तेथले अन्न खावे आणि परत येताना एक नाते घेऊन यावे. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून गिरणी कामगारांची आणि शेतकऱ्यांची मुले याच वृत्तीने हिंडली. मुंबईचे मूल लक्षद्वीपला जाईल तर जरूर जावे. परंतु ते कवरत्तीच्या एखाद्या घरात राहावे, जसरी बोलीतले चार शब्द शिकावे, मास कसे करतात ते पाहावे. विश्रामस्थानात राहून आलेल्या मुलाला बेट म्हणजे पोहण्याचा तलाव वाटते. घरात राहून आलेल्याला ते कोणाचे तरी गाव वाटते. देशाची एकात्मता यातील कोणत्या मुलापाशी अधिक सुरक्षित आहे, हे सांगावयास नको.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पर्यटकांची संख्या बेटाच्या पाण्यावरून ठरावी, गुंतवणूकदाराच्या नफ्यावरून नव्हे. अतिथिगृहे बेटवासीयांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची असावीत. २०२१ मध्ये काढून घेतलेले पंचायतीचे अधिकार परत मिळावेत, आणि कोणताही भूखंड देण्यापूर्वी त्या बेटाच्या रहिवाशांची संमती घेतली जावी. बेटाच्या मुलांच्या ताटात काय असावे, हे बेटाने ठरवावे. आणि पगारी रजा असंघटित कामगारापर्यंत पोहोचावी, म्हणजे सुटी हा शब्द त्याच्याही मुलांना कळेल. कार्यकर्त्यांनी हे मुद्दे आपापल्या युनियनमध्ये, शाळांमध्ये आणि पर्यटनाची जाहिरात पाहून भारावलेल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये नेले पाहिजेत. सुखवस्तू माणूस हा शत्रू नव्हे. त्याला बेटावरचे दुसरे मूल दिसले नाही, एवढेच त्याचे चुकले आहे. ते मूल त्याला दाखवणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते किनारे लिलावात निघण्यापूर्वी झाले पाहिजे.