नवी कोंबडी आणि पहिले एकवीस दिवस

मैत्रिणींनो, घरामागे थोडीफार सांदवाडी असली की चार कोंबड्या पाळाव्यात, असं आपल्या वर्धा, आर्वी, हिंगणघाटकडच्या पुष्कळ गृहिणींना वाटतं. मुलांना ताजी अंडी मिळतात, उरलंसुरलं अन्नही वाया जात नाही. पण बाजारातून हौसेने आणलेली कोंबडी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात पिसं फुलवून बसली की दोन सल्ले हमखास मिळतात. घरातलं मोठं माणूस म्हणतं, “मरायच्या आधी कापून टाका.” शेजारीण म्हणते, “पुढच्या बाजारात विकून टाका, पैसे तरी निघतील.” हे दोन्ही सल्ले ऐकू नका. का, ते सांगते.

आधी घाबरून जाऊ नका. पाय बांधून, टोपलीत कोंबून आणलेली कोंबडी पहिला दिवस मलूल असतेच. तिला सावलीत ठेवा, स्वच्छ पाणी आणि थोडे दाणे द्या. हात लावून “अंग तापलंय” असं ठरवू नका. कोंबडीचं अंग मुळातच १०६-१०७ अंश फॅरनहाइट असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा चांगली कोंबडीही चोच उघडून धापा टाकते. सावलीत आणि पाण्याजवळ नेताच ती थांबली, तर तो उन्हाचा त्रास. गारव्यातही चोच उघडी आणि घशात घरघर असेल, तर मात्र आजार समजावा.

रोज सकाळी दाणे टाकताना दोन मिनिटं नीट पाहा. दाण्यावर धावून येते का? डोळ्यांतून, नाकातून पाणी येतं का? विष्ठा कशी आहे? विष्ठेत रक्त दिसलं तर ती बहुधा रक्ती हगवण. ती जास्त करून पिल्लांना, ओल्या जागेत होते आणि वेळेवर औषध मिळालं तर पिल्लं वाचतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरल्या तर देवी. त्या डासांमुळेही पसरतात. पण विष्ठा हिरवट-पातळ, पंख लोंबलेले, श्वास घरघरता आणि मान पिळल्यासारखी वाकडी झालेली दिसली, तर ती मानमोडी असण्याचा संभव फार. डॉक्टर तिलाच राणीखेत म्हणतात. हिमालयातल्या त्या थंड हवेच्या गावाचं नाव या रोगाला १९२७-२८ च्या सुमारास चिकटलं.

मानमोडीवर औषध नाही. लस न दिलेल्या कोंबड्यांत ती शिरली तर थोड्याच दिवसांत खुराडं रिकामं होऊ शकतं. आता सांगा, आपण बाजारात विकलेली आजारी कोंबडी कुठे जाईल? कदाचित अंडी विकून मुलांच्या वह्या घेणाऱ्या एखाद्या बाईच्या अंगणात. आपले दोन-तीनशे रुपये सुटतील, पण तिचा हातखर्चाचा सगळा आधार जाईल. आणि कापायचं म्हटलं तर रक्त-पिसं आपल्याच हाताला लागतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. कोणता आजार कोणता, हे नुसतं बघून आपल्याला कळत नाही.

म्हणून नियम एकच. नवी कोंबडी आली की २१ दिवस वेगळी ठेवा. खुराडं जुन्या कोंबड्यांपासून लांब, दाण्यापाण्याची भांडी निराळी. आधी जुन्यांना दाणे घाला, मग नवीकडे जा, नंतर साबणाने हात धुवा आणि त्या जागेची चपलाही वेगळी ठेवा. खाली कोरडं कुटार पसरा. ओलं झालं की बदला.

घेतानाच विकणाऱ्याला विचारा, लस दिली आहे का? मानमोडीची लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात थेंबांनी देतात आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लस टोचतात. लस ही निरोगी कोंबडीलाच द्यायची असते. आजारी पडल्यावर घाई करून उपयोग नाही.

कोंबडी आजारी दिसली तर घरातल्या माणसांच्या गोळ्या तिला देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नालीत टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. एकाएकी दोन-चार मेल्या तर मात्र परस्पर पुरू नका. हात न लावता त्याच दिवशी दवाखान्याला कळवा आणि ते सांगतील तसं करा. शेजारणींनाही सांगा, यात लाज कसली?

आणि एकवीस दिवस सुखरूप गेले, की नवीला संध्याकाळी, जुन्या कोंबड्या खुराड्यात शिरून निजल्यावर हळूच आत सोडा. सकाळी सगळ्या बरोबरच उठतात आणि चोचाचोची कमी होते.