गट पाडा, भिंत नको

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे

विषय : आंतरशालेय सांघिक स्पर्धांमध्ये शाळांचे गट पाडण्याबाबत

महोदय,



शालेय स्पर्धांचा हंगाम आला की तालुक्यातालुक्यांत भाग्यपत्रिका निघू लागतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा. या प्रवासात खेळाडूची तपासणी काटेकोर होते. जन्मदाखला, बोनाफाईड, ओळखपत्रावर मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. कुस्तीत तर काट्यावर उभं केल्याशिवाय पोराला आखाड्यात सोडत नाहीत. शाळेचं मात्र कुणी काहीच तोलत नाही. चिठ्ठी निघते आणि ऐंशी पटाच्या जिल्हा परिषद शाळेसमोर वसतिगृह, मॅट आणि पगारी प्रशिक्षक असलेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा उभी राहते. भाग्यपत्रिकेत दोघींचं वजन सारखंच. या एका गोष्टीकडे लक्ष वेधण्यासाठी हे जाहीर पत्र लिहितो आहे.

तफावत किती टोकाला जाऊ शकते, हे क्रिकेटमध्ये आकड्यांसकट नोंदलं गेलं आहे. पुढे देतो ते सामने थेट आपल्या खात्याच्या स्पर्धांतले नाहीत, तरी उदाहरण सोडवत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी करंडक या आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाच्या मुलानं १८९९ पासूनचा एका डावातल्या वैयक्तिक ६२८ धावांचा विक्रम मोडला, साऱ्या जगानं दखल घेतली. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्याच धावफलकाची दुसरी बाजूही वाचा : एका संघाच्या ३ बाद १४६५, दुसऱ्याच्या ३१ आणि ५२. पराभव एक डाव आणि १३८२ धावांनी. हरलेल्या संघातले नेहमीचे खेळाडू परीक्षेमुळे नव्हते आणि त्यांच्या जागी लहान मुलं उतरवली होती, हेही तेव्हाच छापून आलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात एक संघ ७ धावांत गारद झाला. त्यातली एकही धाव बॅटमधून आली नव्हती, सगळ्या अवांतर. प्रतिस्पर्ध्यांच्या ७६१ धावांपैकी १५६ तर या मुलांना वेळेत षटकं पूर्ण करता आली नाहीत म्हणून दंडाच्या होत्या. हरलेल्या शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या पोरांची पुरेशी शोभा तेव्हाच झाली आहे.

या सामन्यांत सरकारी विरुद्ध खासगी अशी लढत नव्हती. म्हणूनच ती उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. शिक्षक खोलीत हा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली असते : खासगी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या घ्या. ऐकायला सोपी, पण महाराष्ट्राला न पेलणारी. आपल्याकडे खेड्यापाड्यातलं माध्यमिक शिक्षण मुळात उभं आहे ते खासगी अनुदानित संस्थांवर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्था कागदोपत्री खासगीच. तिची एखाद्या डोंगराळ गावातली शाखा आणि शहरातली लाखभर फी घेणारी शाळा यांना एकाच रांगेत बसवायचं का? उलट आपल्या खात्याच्या क्रीडा प्रबोधिनी पूर्ण सरकारी, पण तिथली मुलं चाचण्या घेऊन निवडलेली, निवासी, दोन्ही वेळ सराव करणारी. पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या प्रबोधिनीत घडला. सरकारी व्यवस्था मनावर घेते तेव्हा काय होतं त्याचा तो पुरावा आहे. पण प्रबोधिनीतल्या मुलांनी भरलेला संघ आणि गावातल्या शाळेचा संघ समोरासमोर आले, तर दोन्हीकडे ‘सरकारी’ लिहिलं म्हणून सामना बरोबरीचा होत नाही.

खरा फरक तीन गोष्टींनी पडतो : मैदान, शिकवणारा माणूस आणि मुलं निवडण्याची मुभा.

मैदानाचं सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवं असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी क्रीडांगण म्हणजे झेंडावंदनाचं पटांगण. शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्याच अनुसूचीत एक बारीक अट आहे : सहावी ते आठवीच्या वर्गांना शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यायचा, पण पट शंभरच्या वर असेल तरच. म्हणजे पट कमी असलेल्या शाळेला कायद्यानंच क्रीडाशिक्षक नाही. तिथे गणिताचे गुरुजी शिट्टी फुंकतात, पोषण आहाराचा हिशेब लिहितात आणि स्पर्धेच्या दिवशी एसटीत मुलांची डोकी मोजतात. ते मनापासून करतात. पण चढाई करताना पाय कुठे ठेवायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात भारी, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेला दारात येईल ते मूल घ्यावं लागतं, आणि तेच योग्य आहे. नामांकित शाळा मात्र तालुका स्पर्धेत चमकलेला मुलगा हेरते, फी माफ करते, वसतिगृहात ठेवते आणि पुढच्या वर्षी तो तिच्याकडून खेळतो. याला मी पाप म्हणत नाही. सचिन तेंडुलकर प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात गेला आणि १९८८ मध्ये हॅरिस ढालीत त्याची आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची अभंग भागीदारी झाली. त्या मुलाला जुन्याच शाळेत डांबून ठेवायला हवं होतं, असं कोण म्हणेल? हुशार मुलाला चांगला गुरू मिळालाच पाहिजे. पण गावोगावची मुलं वेचणारी शाळा आणि एकाच गावातली मुलं सांभाळणारी शाळा यांना एका मापानं मोजणं न्यायाचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

जिल्ह्याच्या ठिकाणचा एक सामना सांगतो. सतरा वर्षांखालील मुलींची कबड्डी. मातीत तयार झालेल्या, तालुक्यात जिंकून आलेल्या पोरी पहिल्यांदाच मॅटवर उभ्या होत्या. मॅटचे बूट दोघींकडे, तेही उसने. बाकीच्यांचे साधे कापडी बूट, तळ झिजलेले. मातीत पाय रोवून वळायची सवय. मॅटवर पाय वेगळाच धरतो किंवा सटकतो. पहिल्या पाच मिनिटांत त्यांची सर्वांत चपळ चढाईपटू बोनस घ्यायला वाकली आणि घसरून थेट कोपऱ्यातल्या पकडीत सापडली. दोनदा. तिसऱ्या वेळी ती बोनसच्या रेषेकडे गेलीच नाही. समोरच्या शाळेच्या मुलींची गुडघ्यांची पॅडं, मागे प्रशिक्षक, पाण्याच्या बाटल्यांचा खोका. मध्यंतरापूर्वीच दोन लोण चढले. सामना संपल्यावर विजेत्या संघाची कर्णधार या मुलींना म्हणाली, ‘‘तुम्ही मातीत आम्हाला हरवलं असतं.’’ तिला कळलं ते नियमावलीला अजून कळलेलं नाही.

कुणी म्हणेल, हरणं-जिंकणं खेळात चालायचंच. चाललं असतं, महोदय, जर निकाल मैदानावरच संपला असता. पण शासनानंच त्याला पुढे मोल दिलं आहे. वरच्या पातळीवर पोहोचणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीत जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाघरच्या मुलाला खेळातून वर यायची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण ज्या फेरीतून गुण सुरू होतात तिच्या आधीच ही मुलं बाद होत असतील, तर सवलतीचा मोठा वाटा ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांच्याच पदरात पडतो.

हा पेच आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत माध्यमिक शाळांचे खेळ म्हणजे गावोगावचा मोठा उत्सव, आणि तिथे खासगी-सरकारी हा वाद वर्षानुवर्षं पेटलेला आहे. टेक्सासनं भिंत घातली : सरकारी शाळांची संघटना वेगळी, खासगींची वेगळी, अपवाद एखाद-दुसरा. इलिनॉयनं २००५ मध्ये गुणक आणला. ज्या शाळा ठरावीक हद्दीबाहेरची मुलं घेऊ शकतात त्यांचा पट १.६५ नं गुणायचा आणि येणाऱ्या आकड्यानुसार वरच्या गटात टाकायचं. पण त्यात दुबळ्या खासगी शाळाही भरडल्या जातात हे दिसलं आणि पुढे सवलतीची तरतूद करावी लागली. ओहायोत सदस्य शाळांनी असे प्रस्ताव वारंवार फेटाळले आणि अखेर २०१४ मध्ये एक मंजूर केला. तिथे संघातली मुलं कुठून आली आहेत, हे पाहिलं जातं. इंडियानानं २०१२ मध्ये सर्वांत साधा तोडगा काढला. शाळा कुणाची हे विचारायचंच नाही. एखाद्या खेळात दोन वर्षं मोठं यश मिळवलं की त्या खेळापुरतं वरच्या गटात जायचं.

इंडियानाची ही वाट मला आपल्या मातीला मानवेल अशी वाटते. म्हणून मागण्या अशा :

एक, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट यांसारख्या सांघिक खेळांत तालुका आणि जिल्हा पातळीवर दोन गट करावेत. गट ठरावा तो त्या शाळेच्या त्या खेळातल्या मागील दोन वर्षांच्या कामगिरीवरून. जिंकत गेलेली शाळा वर, हरत राहिलेली खाली. खो-खोमध्ये दबदबा असलेली जिल्हा परिषद शाळा खुशाल वरच्या गटात खेळेल आणि फुटबॉलमध्ये खालच्या. धावणं-उड्यांसारख्या वैयक्तिक प्रकारांना याची गरज नाही. तिथे घड्याळ आणि टेप कुणाची शाळा पाहत नाहीत.

दोन, बाहेरून आलेल्या खेळाडूंवर बंदी नको. मात्र संघातले बरेच खेळाडू मागील वर्षभरात दुसऱ्या शाळेतून आलेले असतील, तर तो संघ आपोआप वरच्या गटात जावा. क्रीडा प्रबोधिनींतल्या मुलांचे संघही तिथेच असावेत.

तीन, दोन्ही गटांतले विजेते विभागीय स्पर्धेला जावेत आणि वाढीव गुणांसाठी दोन्ही गट ग्राह्य धरावेत. वर जाऊन ते एकमेकांशी भिडतीलच. भिडायलाच हवं, पण तोवर खालच्या गटातल्या मुलांच्या गाठीशी पाच-सहा चुरशीचे सामने जमा झालेले असतील.

चार, जिथे सामना मॅटवर आहे तिथे आदल्या दिवशी पाहुण्या संघांना सरावाची वेळ आणि राहण्याची सोय मिळावी.

आक्षेप मला दिसतात. सामने वाढतील, पंच जास्त लागतील, तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे आधीच माणसं कमी आहेत. खरं आहे. पण पंधरा मिनिटांत निकाली निघणाऱ्या सामन्यासाठी चाळीस किलोमीटरवरून पोरं आणण्यातही पैसा जातोच, आणि त्यातून हाती काही लागत नाही. दुसरा आक्षेप दर्जाचा : खालच्या गटातलं यश म्हणजे स्वस्तातलं यश. मी उलट सांगेन. खेळाडू घडतो तो एका गुणाच्या फरकानं हरताना. मोठ्या शाळांनाही त्या हॅरिस ढालीतल्या सामन्यासारखं ७५४ धावांनी जिंकून काय शिकायला मिळतं?

सगळ्या राज्यात एकदम करा, असं मी म्हणत नाही. येत्या हंगामात एक जिल्हा घ्या, एक खेळ घ्या. कबड्डी, सतरा वर्षांखालील मुली. हंगामाअखेर पहिल्या फेरीतले सगळे गुणफलक शाळेच्या प्रकारासह जाहीर करा. चुरस वाढली नाही, तर माझी मागणी मोडीत काढा.

यासाठी समिती नेमायची झाली, तर ढाली-करंडक मिरवणाऱ्या शाळांचे प्रतिनिधी तिच्यात असतीलच. एक जागा मात्र दरवर्षी पहिल्या फेरीत हरून सातच्या एसटीनं परतणाऱ्या शाळेच्या गुरुजींसाठी राखून ठेवा.

कळावे,
आपला नम्र,
ग्रामीण भागातला एक क्रीडाशिक्षक