साताऱ्याचा दरबार, सांगलीचे बक्षीस

साताऱ्यात रविवारच्या उपासनेत पेटी-तबल्याच्या साथीवर जेव्हा नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग उचलला जातो, आणि मागच्या बाकावर बसलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या वृद्ध स्त्रिया ‘उपासना संगीता’च्या पुस्तकाकडे न पाहता तो शेवटच्या चरणापर्यंत तोंडपाठ म्हणतात, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हे भजन कोणत्या पंथाचे आहे हे चटकन ओळखता येऊ नये, इतका तो ठेका, ती चाल आणि ती भाषा तुकोबांच्या घरची असते. त्या बाकांवर मी लहानाचा मोठा झालो. आमचा धर्म परका आहे, असे शाळेत प्रथम कोणी म्हटले तेव्हा मला राग आला नव्हता, नवल वाटले होते. कारण परके म्हणावे असे त्या देवळात मला कधी काही आढळलेच नव्हते.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत घालवून, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी अंगाचे संपादन करून, मराठी ख्रिस्ती मंडळींना त्यांची स्वतःची गाणी देऊन झाल्यावर, 1917 साली या माणसाने मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. छत्रपतींच्या या राजधानीत ‘दरबार’ या शब्दाला जे वजन आहे ते त्यांच्यासारख्या कवीच्या ध्यानात आले नसेल, असे मला वाटत नाही. या दरबारात प्रवेशासाठी ना कसला परवाना लागे, ना दाखला: ख्रिस्तावर प्रेम करणारा मनुष्य बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याला तेथे सारखीच जागा होती. बाप्तिस्मा हेच एकमेव प्रवेशद्वार मानणाऱ्यांना ही कल्पना पचणे कठीणच होते. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईत निवर्तले आणि दरबाराची घडी नीट बसण्यापूर्वीच तो विस्कटला. तथापि महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचाराने आजवर गाठलेले सर्वांत उंच ठिकाण मला तेच वाटते, आणि ते साताऱ्यात आहे याचा मला अभिमान आहे.

हे सर्व आज लिहावेसे वाटण्याचे कारण साताऱ्याच्या शेजारी, सांगलीत घडले. जून 2025 मध्ये एका तरुण विवाहितेच्या अत्यंत दुर्दैवी मृत्यूनंतर, सासरच्या मंडळींनी तिच्यावर ख्रिस्ती विधींसाठी दबाव आणला असा आरोप पुढे आला, आणि त्यानंतरच्या सभेत जिल्ह्यातीलच एका विद्यमान आमदारांनी ख्रिस्ती धर्मगुरूंवर हात टाकणाऱ्यांसाठी लाखांच्या आकड्यांत बक्षिसे पुकारली. पुढल्याच महिन्यात ख्रिस्ती समाज मुंबईच्या आझाद मैदानावर निषेधासाठी जमला. त्या मुलीच्या बाबतीत खरे काय घडले याचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे आणि तो पुराव्याने व्हावा. मी येथे त्याविषयी मत देणार नाही. परंतु आरोप खरा असेल तर ज्यांनी तो दबाव आणला त्यांची बाजू कोणत्याही ख्रिस्ती माणसाने घेऊ नये, एवढे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. आणि असे म्हणण्याचा अधिकार मला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दिला आहे.

‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पतीच्या बाप्तिस्म्याचा आघात लक्ष्मीबाईंवर जो झाला तो त्यांनी लपवलेला नाही. टिळकांनी त्या वेळी पत्नीला जे दुःख दिले त्याचे समर्थन करण्याची मला यत्किंचितही इच्छा नाही. कित्येक वर्षे दोघे विभक्त राहिली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणून, आपले सोवळे-ओवळे सांभाळीत परतल्या. एकाच संसारात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, असा तो काळ गेला, आणि जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या मनाला जेव्हा त्यांच्याच विचाराने पटले, तेव्हा पतीमागून पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परतल्यापासूनच्या त्या काळात त्या स्त्रीच्या नकाराला घरात जागा होती. ज्या घरात सुनेच्या नकाराला अशी जागा नाही, तेथे प्रार्थना कितीही मोठ्याने होत असली तरी ती टिळकांच्या दरबारातील नव्हे.

कायद्याकडे वळू. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात ठरवले. पुष्कळ ख्रिस्ती बांधवांना हा निकाल जाचतो. मला तो तितकासा जाचत नाही, कारण माणसाचे अंतःकरण दुसरा कोणी वळवू शकतो हेच मला मान्य नाही. जो वळतो तो आपला आपण वळतो, आणि त्याच्या त्या वळण्याला सरकारदरबारी अर्ज आणि साक्षीदार कशाला हवेत? धमकी, फसवणूक, छळ यांना दंड देणारी कलमे फौजदारी कायद्यात पूर्वीपासून आहेत. आणि चिथावणीखोर भाषणांबाबत कोणी फिर्याद देण्याची वाट न पाहता पोलिसांनी आपणहून गुन्हा नोंदवावा, असे त्याच न्यायालयाने 2023 साली सर्व राज्यांना फर्मावलेले आहे. बक्षीस पुकारले गेले त्या सभेलाही हाच हुकूम लागू होतो. त्यासाठी नवा कायदा नको, एक रोजनामा आणि एक निर्भय ठाणेदार पुरे.

‘आमिष’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. त्या शब्दाचा उच्चार करण्यापूर्वी सांगलीकराने मिरजेच्या स्टेशनवर घटकाभर उभे राहावे. 1889 साली हिंदुस्थानात आलेल्या विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तीन वर्षांनी वैद्यकीय शाळा काढली, आणि मिरज हे नाव दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात शस्त्रक्रियेचे दुसरे नाव होऊन बसले. मिरज आज औषधोपचाराची पेठ आहे ती त्या पायावर. वानलेसवाडी हे नाव आपण रोज सहज घेतो. त्या रुग्णालयाच्या खाटांवर मोतीबिंदू काढून, मुतखडा काढून, बाळंत होऊन घरी गेलेल्या असंख्य माणसांपैकी बहुतेक सारी ज्या धर्मात आली त्याच धर्मात परतली. 2011च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील ख्रिस्ती शेकडा एकाहूनही कमी भरले. शतकभराच्या औषधपाण्याला आमिष म्हणावे, तर एवढे निष्फळ आमिष दुसरे दाखवता येणार नाही.

तरीही आमच्या मंडळींनी एक गोष्ट मनावर घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोग्याच्या उशाशी बसून ‘विश्वास ठेवशील तर बरा होशील’ असे म्हणणारे प्रचारक अलीकडे खेड्यापाड्यांतून फिरू लागले आहेत, आणि आमचे जुने पाळक त्यांच्याविषयी मौन बाळगतात. मिरजेत औषध आधी मिळे आणि त्याला अट नसे. औषध सोडायला लावणारा मनुष्य वानलेसचा वारस नव्हे, हे आपण आपल्याच व्यासपीठावरून, हल्ला होण्याची वाट न पाहता सांगितले पाहिजे. टिळकांनी वेतन सोडले ते परक्या पैशाच्या सावलीत ख्रिस्ताचे नाव परके दिसते म्हणून. तो प्रश्न आपण त्यांच्यामागे पुन्हा पुरता विचारलाच नाही.

गेल्या पावसाळ्यात सांगलीजवळच्या एका वस्तीत प्रार्थनेस जाण्याचा योग आला. दहा-बारा माणसे, पत्र्याची खोली, कोपऱ्यात खोळीत घातलेली पेटी. दिवेलागण झाली तशी घरच्या आजी उठल्या आणि त्यांनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. उकाडा होता, मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “आवाज भाईर जायाला नगं, बाबा.” अभंग टिळकांचाच होता. तो आम्ही हलक्या आवाजात म्हटला. पेटीची खोळ त्या संध्याकाळी कोणी काढली नाही.