पहाऱ्यासाठी कॅमेरा, पण दार उघडेच

सोसायटीच्या फाटकावर, जिन्यात आणि वाहनतळावर सीसीटीव्ही कॅमेरे बसले, की व्यवस्थापन समिती निश्चिंत होते. पाठोपाठ सभासदांची मागणी येते : ही दृश्ये घरबसल्या, कार्यालयातून किंवा परगावाहूनही मोबाइलवर दिसली पाहिजेत. कॅमेरे बसविणारा तंत्रज्ञ ती मागणी काही मिनिटांत पुरी करतो. त्या काही मिनिटांत त्याने राऊटरमध्ये नेमका कोणता बदल केला, हे मात्र कोणी विचारीत नाही. अनेकदा हा बदल 'पोर्ट फॉरवर्डिंग'चा असतो. सुरक्षेच्या चर्चेत ज्याचे नावही निघत नाही, अशा या तरतुदीकडे गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.

एक पत्ता, अनेक बिऱ्हाडे

इंटरनेटच्या मूळ रचनेत सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची सोय होती. ते अपुरे पडणार हे १९९०च्या दशकातच स्पष्ट झाले आणि १९९४ मध्ये एक तोडगा मांडला गेला : घरातील सर्व उपकरणांनी बाहेर एकच पत्ता वापरावा. जुन्या वाड्यासारखीच ही व्यवस्था. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे अनेक आणि देवडीवर पहारेकरी म्हणून राऊटर. आतून कोणी साद घातली, तर तिचे उत्तर तो नेमक्या बिऱ्हाडाकडे पोचवितो. न बोलाविता आलेल्या पाहुण्याला कोठे पाठवायचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो त्याला परतवून लावतो. पत्त्यांच्या टंचाईवरील हा उपाय अशा रीतीने नकळत संरक्षणाचीही भिंत ठरला.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या पहारेकऱ्याला दिलेला कायमचा हुकूम : अमुक क्रमांक सांगणारा कोणीही आला, तरी त्याला थेट अमुक बिऱ्हाडात सोड. प्रत्येक पत्त्यावर असे ६५ हजारांहून अधिक क्रमांक, म्हणजेच पोर्ट, असतात. हुकूम सभासदांसाठी दिलेला असला, तरी पहारेकरी माणूस ओळखत नाही. तो केवळ क्रमांक पाहतो. इंटरनेटवरील सारे पत्ते एकामागून एक ठोठावून पाहणारे प्रोग्राम तर अहोरात्र चालू असतात.

मालकाला न विचारता

याहून चिंतेची बाब अशी, की हा हुकूम देण्यासाठी माणसाचीही गरज नसते. 'युनिव्हर्सल प्लग अँड प्ले' या सोयीमुळे घरातील उपकरण राऊटरला परस्पर सांगून स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकते. ही सोय घराच्या आतच मर्यादित राहणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात रॅपिड-सेव्हन या सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ८ कोटींहून अधिक पत्ते तिच्या विनंतीला इंटरनेटच्या बाजूनेही उत्तर देताना आढळले. अकामाई कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये उघडकीस आणलेला प्रकार त्याचीच परिणती होती. हल्लेखोरांनी सुमारे ४५ हजार राऊटरमध्ये फॉरवर्डिंगच्या नोंदी बाहेरूनच घुसविल्या होत्या. त्या संगणकांवरील फायलींच्या देवाणघेवाणीच्या १३९ आणि ४४५ या पोर्टकडे नेणाऱ्या होत्या. आदल्याच वर्षी 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला, तो याच ४४५ च्या वाटेने.

उघड्या दाराला कारखान्यातून आलेल्या पासवर्डची जोड मिळाली, की काय घडते हे 'मिराई'ने दाखवून दिले. इंटरनेटवरून गाठता येणारे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर शोधायचे आणि साठेक ठराविक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून पाहायच्या, एवढेच या प्रोग्रामचे तंत्र होते. तेवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या कह्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास कोलमडल्या. पहाऱ्यासाठी विकत घेतलेली उपकरणेच हल्लेखोरांची शिपाई झाली आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

जबाबदारी कोणाची?

सामान्य ग्राहकावर सारा दोष ढकलणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. असुरक्षित मांडणी हीच कारखान्याची मूळ मांडणी असेल, तर जबाबदारी प्रथम उत्पादकाची. हे तत्त्व कायद्याला उशिरा का होईना, उमगले. सर्व उपकरणांना एकच पासवर्ड देण्याच्या प्रथेवर कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून बंदी घातली. भारतानेही एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक केली आणि एप्रिल २०२५ पासून ती अमलात आली. मात्र त्यापूर्वी भिंतींवर चढलेल्या असंख्य कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. तेथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. अशा ठिकाणी कॅमेरा स्वतःहून उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि दृश्ये तेथून मोबाइलवर येतात. दार बंद झाले हे खरे, पण किल्ली परक्या हाती गेली. धोका टळलेला नाही, विश्वासाची जागा बदलली आहे. नव्या 'आयपीव्ही-सिक्स' पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही आणि तिच्या वापरात भारत आघाडीवर आहे. पण तेथे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता मिळत असल्याने राऊटरमधील 'फायरवॉल' चोख नसेल, तर देवडीच नाहीशी होते.

उपाय अवघड नाहीत. कारखान्याचा पासवर्ड बदलणे, 'प्लग अँड प्ले'ची सोय बंद ठेवणे, नको असलेल्या फॉरवर्डिंगच्या नोंदी काढून टाकणे आणि दूरवरून पाहणे आवश्यकच असेल तर 'व्हीपीएन'चा मार्ग धरणे, एवढ्याने मोठा धोका टळतो. कॅमेऱ्यांच्या देखभालीच्या करारात कोणते पोर्ट, कोणासाठी आणि का उघडले याची लेखी नोंद मागण्याचा अधिकार प्रत्येक सोसायटीला आहे. फाटकावर कोण आले-गेले याची वही वॉचमनकडून काटेकोरपणे भरून घेणाऱ्यांनी या अदृश्य फाटकाची वहीही तितक्याच आग्रहाने तपासली पाहिजे.