मैत्रिणींचं घर आणि वारसाचा कागद

शिबिरात रात्रीची जेवणं आटोपली, की सतरंज्यांवर पडल्या पडल्या एक विषय हमखास निघायचा. म्हातारपणी आपण सगळ्याजणी एकत्र राहू. कुणी म्हणायची गावाबाहेर जमीन घेऊ, कुणी म्हणायची एखादा जुना वाडा बघू. सकाळी उठून ज्या त्या आपापल्या एसटीला लागायच्या. आमच्यातल्या सातजणींनी मात्र ही गोष्ट करून दाखवली. २०११ साली पुण्याच्या एका उपनगरात, एकाच लहान इमारतीत आम्ही सात छोटे फ्लॅट घेतले आणि आठवा सगळ्यांनी पैसे घालून सामाईक घेतला. आठव्यात मोठं स्वयंपाकघर, पुस्तकं, बैठकीची जागा, आणि कुणाचा पाहुणा आला तर झोपायला एक खाट. अलीकडे ठिकठिकाणचे गट आमचं घर बघायला येतात. आल्यावर चहा पितात, कौतुक करतात आणि विचारतात, “तुमच्यात भांडणं होत नाहीत का हो?” भांडणं होतात. पण खरा धोका भांडणात नव्हता, तो आम्हाला उशिरा कळला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आमच्यापैकी चौघी एकट्या. एक अविवाहित, एक विधवा, दोघी परित्यक्ता. “एकट्या बाईला खोली देत नाही” हे वाक्य या चौघींनीही आयुष्यात कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायला कुणी ना कुणी वेळेवर हजर होती, आणि कुणालाही त्यासाठी नोकरीतून रजा काढून, सुनेची मर्जी सांभाळून यावं लागलं नाही. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर दार वाजवायला जागा आहे, एवढ्यानंच झोप लागते. ज्यांना लागत नाही त्यांना याची किंमत कळेल.

काहीजणी म्हणतात, हे म्हणजे जुनं एकत्र कुटुंबच की. मला हे अजिबात मान्य नाही. एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेला पहाटे उठण्यावाचून पर्याय नव्हता. आमच्याकडे प्रत्येकीला स्वतःचं दार आहे आणि त्याला आतून कडी आहे. “आज मी खाली जेवायला येत नाही” म्हटलं तर कारण सांगावं लागत नाही. नाही म्हणता येतं, हा सगळा फरक आहे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघाली असंही नाही. डेन्मार्कमध्ये १९६७ साली बोडिल ग्रॉ या लेखिकेनं एका वृत्तपत्रात लिहिलं, की मुलांना शंभर आईबाप हवेत. त्या लेखाभोवती आणि एका वास्तुरचनाकाराच्या प्रयत्नांभोवती माणसं जमली आणि १९७२ साली कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. घरं स्वतंत्र, पण जेवायला आणि मुलांना खेळायला एक सामाईक घर. आमच्या कामाच्या अधिक जवळची उदाहरणं पुढची आहेत. लंडनच्या उत्तरेला बार्नेटमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांनी फक्त बायकांसाठी २५ घरं उभी केली. गट १९९८ साली सुरू झाला, राहायला गेल्या २०१६ च्या डिसेंबरात. मध्ये अठरा वर्षं! पॅरिसला लागून असलेल्या माँत्रईमध्ये तेरेझ क्लेर या स्त्रीवादी कार्यकर्तीनं असंच झगडून वृद्ध बायकांचं स्वतःच चालवायचं घर मिळवलं, ते २०१२-१३ मध्ये सुरू झालं. तिथल्या बायका मालकीण नाहीत, सार्वजनिक गृहयोजनेतल्या भाडेकरू आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आता भांडणं. पहिलं मोठं भांडण झालं रविवारच्या मटणावरून. सामाईक स्वयंपाकघरात मटण शिजावं की नाही यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत एक मैत्रीण अगदी सहज म्हणाली, “मग भांडी वेगळी ठेवू या ना.” आमच्यातली एक बौद्ध मैत्रीण काही न बोलता उठली आणि वर निघून गेली. वेगळी भांडी या दोन शब्दांत तिच्या आजीचं आणि आईचं काय काय होतं, ते आम्ही व्याख्यानांतून इतरांना सांगत आलो होतो. जी बोलली तीही चळवळीतलीच. तिला रात्रभर झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी ती वर जाऊन आली. दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. भांडी एकच राहिली. मटण शिजतं त्या रविवारी ती स्वतःच्या घरी वरणभात करून खाते.

दुसरी गोष्ट भांडणाचीही नव्हती, त्याहून अवघड होती. आम्ही साठीच्या आसपास आलो तशी स्वयंपाकाला बाई ठेवली. पगार बरा देतो, आठवड्याची सुट्टी, जेवण आमच्याबरोबर एकाच टेबलावर. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही होता. एक दिवस पोळ्या लाटताना तिनं विचारलं, “ताई, मी म्हातारी झाले की मला मिळेल का हो इथं खोली?” कुणाला उत्तर देता येईना. ज्यांच्याकडे भविष्यनिर्वाह निधी होता, माहेरच्या जमिनीचा हिस्सा विकून आलेले पैसे होते, त्याच इथं येऊ शकल्या होत्या. बार्नेटच्या २५ घरांपैकी १७ विकत घेतलेली आहेत आणि ८ कमी उत्पन्नाच्या बायकांसाठी सामाजिक भाड्याची. ती आठ आपोआप आलेली नाहीत. सुरुवातीपासून गटानं त्याचा आग्रह धरला, त्यासाठी देणगी मिळवली. आम्ही सुरुवातीला हा विचारच केला नाही, याची मला लाज वाटते. ज्या गटांचं अजून कागदावर चाललं आहे त्यांनी तरी तो आत्ताच करावा. मागाहून भिंत वाढवता येत नाही.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्यातली एक, बालवाडीशिक्षिका, २०१९ साली आठ दिवसांच्या आजारानं गेली. मूल नव्हतं. लग्नानंतर तीन वर्षांत नवऱ्यानं टाकलं, दुसरी बाई घरात आणली. हिनं त्याच्याकडे ना पोटगी मागितली ना घटस्फोट. “त्याच्या दारात पुन्हा उभीच राहायचं नाही,” म्हणायची. तीस वर्षांत एक पोस्टकार्ड नाही. तिचा फ्लॅट तिच्या पगारातून, तिच्या नावावर. सोसायटीत तिनं नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. आम्हाला वाटलं, झालं.

दीड महिन्यानं तो आला. बरोबर वकील.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याचं कलम १५ प्रत्येकीनं एकदा शांतपणे वाचावं. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ही दोन्ही नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा, म्हणजे दीर, पुतणे यांचा. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारसानं आलेली मालमत्ता मूलबाळ नसेल तर माहेरी जाते, पण स्वतः कमावलेली सासरी. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई. तिची कमाई सासरच्यांना मिळाली. न्यायालयानं म्हटलं, सहानुभूती बाजूला ठेवावी लागते. टाकून देणं ही या कायद्यात वारसा गमावण्याची गोष्टच नाही. खून केला तर वारसा जातो, टाकलं तर जात नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, खऱ्या वारसासाठी सांभाळणारी व्यक्ती. मी सांभाळलं आणि त्याला दिलं.

फ्लॅट त्यानं विकला. आठव्या घरातही तिचा सातवा हिस्सा होता, तोही त्याचाच झाला. आमच्या स्वयंपाकघराचा एक सातांश मालक म्हणून तो माणूस ओट्यापाशी उभा राहून भिंती बघत होता. सहाजणींनी पैसे जमवून तो हिस्सा त्याच्याकडून विकत घेतला.

कोथिंबीर कुणी आणायची याचं आमच्याकडे वेळापत्रक होतं. मृत्युपत्राचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा “आज नको गं अशुभ” म्हणून मागे पडला. हे शब्द माझेच.

त्यानंतर आम्ही मृत्युपत्रं केली. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी आम्ही केली. पण ते वाटलं तितकं सोपं गेलं नाही. आमच्यात दोघींना मुली आहेत. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळावा म्हणून आपण भांडलो, महाराष्ट्रात तो कायदा १९९४ साली झाला. आता मैत्रिणींसाठी मुलीला वगळायचं? तसं कुणीच म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं, की घर मुलीचं, पण विकायचं झालं तर आधी आम्हाला विचारायचं. आमच्यातल्या मुसलमान मैत्रिणीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही, तिनं हयातीतच बक्षीस देण्याची वाट धरली. एका मैत्रिणीनं अजून काहीच केलेलं नाही.

माझं मत विचाराल तर नव्या गटांनी घरं वैयक्तिक नावावर घेऊच नयेत. संस्थेच्या नावावर घ्यावीत, प्रत्येकीला मरेपर्यंत राहण्याचा लेखी हक्क असावा, तिनं घातलेली रक्कम तिच्या मागे ती म्हणेल त्याला परत जावी. माँत्रईच्या बायकांच्या घरावर कुणाचा नवरा हक्क सांगायला येऊ शकत नाही, कारण ते तिच्या नावावर नसतंच. माझ्या बौद्ध मैत्रिणीला हे पटत नाही. ती म्हणते, “आमच्या सात पिढ्यांत पहिलं घर बाईच्या नावावर झालं, ते मी संस्थेला देऊ? आणि संस्था उद्या कुणाच्या हातात जाईल?” तिला द्यायला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

ज्या गटांनी यातून वाट काढली असेल, संस्थेच्या नावावर घर घेऊन ते चालवलं असेल किंवा कमी पैशांच्या बायकांसाठी खोल्या राखल्या असतील, त्यांनी कागदपत्रांचा मसुदा संपादकांकडे जरूर पाठवावा. आमच्या स्वयंपाकाच्या ताईंनी विचारलेला प्रश्न पुढच्या महिन्याच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घेतला आहे. या वेळी त्याही बैठकीला आहेत.